व्हिटॅमिन सी लावूनही मुरूम परत येतात? आधी बाटली बघा, मग चेहरा

दोन-तीन महिने नेमाने सीरम लावायचं, डाग थोडे फिके पडायचे, आणि पाळीच्या आठवड्यात किंवा पावसाळा लागला की हनुवटीवर, गालावर मुरूम पुन्हा हजर. मग 'हे मला सूट होत नाही' म्हणून दुसऱ्या कंपनीची बाटली आणायची. तिचीही तीच गत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कुठेही विचारा, तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते. दोष बहुतेक वेळा ठरलेल्या चार-पाच जागीच सापडतो आणि त्यातल्या काही जागा घरी पाच मिनिटांत तपासता येतात. म्हणून नवी बाटली घेण्याआधी हे वाचा.

सीरमला कोणतं काम दिलंय?

मुरूम होतो तो केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात. तेल जास्त सुटतं, मेलेल्या पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात आणि सूज येते. व्हिटॅमिन सी बुजलेलं तोंड उघडत नाही आणि तेलाचा स्रावही आवरत नाही. ते सूज थोडी उतरवतं आणि मुरूम बसल्यावर मागे राहिलेला तपकिरी डाग फिका करतं, कारण त्वचेत रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला ते लगाम घालतं. तेव्हा डाग जात असतील आणि मुरूम येतच असतील, तर सीरम आपलं काम चोख करतंय. मुरमाचं काम मात्र तुम्ही कुणाकडेच सोपवलेलं नाही.

ते काम करणारी औषधं वेगळी: ॲडापलीन ०.१ टक्के जेल, बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, ॲझेलाइक ॲसिड १० ते २० टक्के. यातलं आपल्याला कोणतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. सी हे त्यांच्या जोडीला लावायचं. सीच्या कुळात मुरमासाठी म्हणून खास तपासलेला प्रकार म्हणजे ५ टक्के सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट. त्याच्या १२ आठवड्यांच्या चाचण्या झाल्या आहेत आणि सौम्य मुरमांत त्याचा उपयोग दिसलेला आहे. पण ठणकणाऱ्या गाठी असतील तर तेही एकटं पुरत नाही.

लेबलवर 'सी' कोणतं आहे ते आधी वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात नुसतं 'व्हिटॅमिन सी' असतं. खरं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात, इंग्रजीत. उच्चारून जुळवून बघा.

एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड हे मूळ, सगळ्यात जोरदार आणि सगळ्यात नाजूक. त्वचेत उतरायला त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.५ च्या खाली लागतो, म्हणून ते चुरचुरतं. १० ते २० टक्के ही त्याची कामाची मात्रा. २० च्या वर गेलं तरी त्वचेत जास्त उतरत नाही, जळजळ तेवढी वाढते. मुरूम असलेल्या चेहऱ्याने १० वरच सुरुवात करावी. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट पीएच ६ ते ७ ला टिकतं, झोंबत नाही आणि त्वचेतली एन्झाइम्स त्याचं व्हिटॅमिन सी करून घेतात. मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट त्याचाच भाऊ, कोरड्या कातडीला बरा. एथिल ॲस्कॉर्बिक ॲसिडही बऱ्यापैकी टिकाऊ. टेट्राहेक्सिलडेसिल ॲस्कॉर्बेट मात्र तेलात विरघळणारं आहे आणि बऱ्याचदा तेलाच्याच बैठकीत, म्हणजे बेसमध्ये, येतं. तेलकट चेहऱ्याने ते टाळलेलं बरं.

अजून एक खूण बघा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. त्यात फिनॉक्सीएथॅनॉल हे टिकाऊपणासाठी घालतात आणि त्याची मर्यादा १ टक्का आहे. तुमचं व्हिटॅमिन सी यादीत त्याच्याही मागे असेल, तर ते १ टक्क्याच्या वर नाही असं समजा. पुढे छापलेला संत्र्याचा फोटो कितीही रसरशीत असो.

सीरम पिवळं, मग नारंगी होतं

याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडला हवा, उजेड आणि उष्णता तिन्ही सोसत नाहीत. पांढऱ्या बशीत एक थेंब टाका आणि खिडकीपाशी नेऊन बघा. पाण्यासारखा किंवा गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा असेल तर ठीक. फेरुलिक ॲसिड (सी टिकावं म्हणून घालतात ते) घातलेलं सीरम नवं असतानाच थोडं पिवळसर असतं, म्हणून बाटली फोडल्या दिवशीच त्या थेंबाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. महिन्याने शेजारी नवा थेंब ठेवून ताडून बघता येतो. कोऱ्या चहाच्या रंगाकडे झुकलेलं सीरम टाकून द्या. पैसे गेले म्हणून हळहळ वाटते, पण ते संपवण्यात फायदा काहीच नाही.

बिघडलेल्या सीरममध्ये होतं काय, तर ॲस्कॉर्बिक ॲसिड मोडून त्यातून एरिथ्रुलोज नावाची साखर तयार होते. चेहरा सावळा दिसावा म्हणून परदेशात जी क्रीमं लावतात, त्यांत हाच पदार्थ वापरतात. म्हणून नखांच्या कडा पिवळट होतात, उशीच्या अभ्र्यावर डाग पडतात, आणि नाकावरच्या छिद्रांत ठिपके आधीपेक्षा काळे दिसायला लागतात. माणसाला वाटतं ब्लॅकहेड्स वाढले. खरं तर छिद्रात बसलेला मळ रंगलेला असतो.

आपल्याकडे हे लवकर का होतं, त्याला कारणं आहेत. एप्रिल-मेमध्ये अथणी-कागवाडकडच्या उन्हात पार्सल दिवसभर कुरियरच्या गाडीत फिरतं आणि बाटली हातात येण्याआधीच अर्धी थकलेली असते. उन्हाळ्यात मागवायचंच असेल तर वरचे टिकाऊ प्रकार मागवा, किंवा मेडिकलमधून तयार झाल्याची तारीख बघून घ्या. घरी आल्यावर गीझरच्या वाफेतल्या बाथरूममध्ये, गाडीच्या डिकीत किंवा देवळीत उन्हाच्या पट्ट्यात बाटली ठेवू नका. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी चालेल. फ्रीझरमध्ये नको. ड्रॉपर गालाला टेकवायचा नाही, थेंब तळहातावर घ्यायचे आणि झाकण लगेच लावायचं. झाकण उघडं ठेवून आरशासमोर पाच मिनिटं काढली की तेवढी हवा रोज आत जाते.

आता बाटलीच्या मापाचा हिशेब. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. चेहऱ्याला रोज ४ थेंब पुरतात, म्हणजे ०.२ मिली. ३० मिलीची बाटली अशाने १५० दिवस जाईल. पण फोडलेलं एल-ॲस्कॉर्बिक दोन-तीन महिन्यांपलीकडे क्वचितच चांगलं राहतं. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेतली की शेवटचे दोन महिने बिघडलेलं सीरमच तोंडाला लागतं. १० किंवा १५ मिलीचीच घ्या, आणि चिकटपट्टीवर फोडल्याची तारीख लिहून बुडाला चिकटवा.

लिंबू आणि चघळायची गोळी

यावर सविस्तर लिहायला हवं, कारण सल्ला घरातूनच येतो आणि मायेने येतो. लिंबाच्या १०० मिली रसात व्हिटॅमिन सी ४०-५० मिलिग्रॅमच्या आसपास. १० टक्के सीरमच्या १०० मिलीत ते १०,००० मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे पट. लिंबातून चेहऱ्याला मिळतं ते मुख्यतः सायट्रिक ॲसिड, पीएच २ ते २.५, आणि सोबत फ्युरोकुमारिन्स. हे पदार्थ कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. मुरमाचा डाग घालवायला गेलेल्या गालावर मोठा डाग बसतो.

चघळायची नारंगी गोळी कुटून गुलाबपाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये घालणं हीही तशीच गफलत. त्या गोळीत साखर, रंग, सुवास आणि बऱ्याचदा मोठा भाग सोडियम ॲस्कॉर्बेटचा असतो. सोडियम ॲस्कॉर्बेटमुळे पीएच वर जातो आणि सी त्वचेत उतरत नाही. न विरघळलेले कण मुरमाच्या तोंडावर घासले जातात ते वेगळंच. शुद्ध पावडर आणून १० मिली पाण्यात १ ग्रॅम घातली तर १० टक्के होतं, हे गणित बरोबर आहे, पण त्याचा पीएच अडीचच्या आसपास येतो आणि चार-पाच दिवसांत ते जुनं होतं. पीएच मोजायची सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका.

लावलं की झोंबतं

एल-ॲस्कॉर्बिकने मिनिट-दोन मिनिटं चुरचुरणं ठीक. पाच मिनिटांनंतरही जळत असेल, लाल चट्टा उठत असेल तर साध्या पाण्याने धुऊन टाका आणि चार दिवस थांबा. कारण बहुधा सीरममध्ये नसतं, त्याच्या आधी केलेल्या गोष्टीत असतं: ओल्या चेहऱ्यावर लावणं, दाढी किंवा थ्रेडिंग केल्या दिवशीच लावणं, लग्नसराईत ब्लीच करून दुसऱ्या सकाळी लावणं, किंवा अंगाच्या साबणाने तोंड धुणं. साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्याने कातडीचं संरक्षण ढिलं पडतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर चेहऱ्यावर राहूनही जातो. मग बेळगावच्या कोरड्या थंडीत डिसेंबर-जानेवारीला तेच सीरम, जे जुलैत गुमान बसत होतं, ते झोंबायला लागतं. थंडीत एक दिवसाआड लावा आणि खाली आधी मॉइश्चरायझर लावा.

नवं सीरम पहिले तीन दिवस कानामागे जबड्याच्या कडेला लावून बघायचं. तिथे काही झालं नाही तरच चेहऱ्यावर.

लावायला लागल्यापासून नवेच बारीक मुरूम

'आतली घाण बाहेर येतेय, थांबा' असं सांगितलं जातं. ॲडापलीनसारखी औषधं पेशींची उलाढाल वाढवतात, तिथे पहिले काही आठवडे असं होऊ शकतं. व्हिटॅमिन सी तसं काही करत नाही. पूर्वी जिथे कधी मुरूम नव्हता तिथे, गालफडावर किंवा कानशिलावर, बारीक पुटकुळ्या उठल्या असतील तर सीरमची बैठक तपासा. आयसोप्रोपिल मिरिस्टेट, आयसोप्रोपिल पाल्मिटेट, खोबरेल ही नावं यादीत वर असतील तर ते सीरम बंद करा. दोन-तीन आठवड्यांत पुटकुळ्या ओसरल्या की कारण पक्कं कळतं. पण त्याच काळात क्रीम, फेसवॉश आणि सनस्क्रीन बदलू नका, नाहीतर गुन्हेगार कोण ते कळणारच नाही.

कपाळ आणि कानशील एवढ्यातच मुरूम असतील तर डोक्याचं तेल आठवा. रात्री चपचपीत खोबरेल लावून झोपलं की ते उशीवर उतरतं आणि तिथून चेहऱ्यावर येतं. धुण्याआधी तासभर तेल लावा आणि कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून दोन बोटं मागे ठेवा.

हा मुरूमच आहे का?

पावसाळ्यात खानापूर-जांबोटी भागात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. हेल्मेटचं अस्तर, तोंडाला बांधायचा स्कार्फ ओलाच राहतो. या दिवसांत कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच मापाच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या उठल्या आणि त्यांत ब्लॅकहेड एकही नसला, तर तो मॅलासेझिया या यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, त्रास असण्याची शक्यता मोठी. त्यावर व्हिटॅमिन सी काय, मुरमाचं अँटिबायोटिकही चालत नाही, उलट अँटिबायोटिकने तो वाढतो. खाज ही मुख्य खूण. बुरशीवरचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर, मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांना हातावर आणि मांडीवर, जिथे कूलंट आणि ऑइलने भिजलेला कपडा घासतो तिथे, काळ्या तोंडाच्या पुळ्या येतात. तिथे सीरम लावणं व्यर्थ. रोज धुतलेला कपडा, शिफ्ट संपताच अंघोळ, आणि तेलाच्या चिंधीने तोंड न पुसणं हाच इलाज. हेल्मेटच्या पट्ट्याखाली किंवा तंबाखूच्या वखारीत दिवसभर घट्ट बांधलेल्या फडक्याखाली येणारे मुरूम घर्षणाचे असतात. सुती फडकी वापरा, दोन ठेवा आणि रोज धुतलेलंच बांधा.

बायकांत जबड्याच्या रेषेवर गाठी, पाळी पुढे-मागे आणि हनुवटीवर जाड केस असं तिन्ही असेल तर पीसीओडीची (अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी आधी. जिमला जाणाऱ्या मुलांत पाठभर मुरूम एकदम उठले असतील तर व्हे प्रोटीन कधीपासून सुरू केलं ते आठवा.

मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब

मराठीत मागा की कन्नडात, 'मोडवेगे क्रीम कोडी' म्हटलं की चिठ्ठीशिवाय एखादी ट्यूब काउंटरवरून पुढे येऊ शकते. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ती स्टिरॉइडची आहे. सात दिवसांत चेहरा गोरा आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाते. पुढे तीच कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, एकसारखे लाल मुरूम उठतात, आणि ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो. अशा चेहऱ्यावर कोणतंही सी लावलं तरी आग होते आणि दोष सीवर जातो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तुमच्या कपाटात अशी ट्यूब असेल आणि महिन्याहून जास्त लावली असेल, तर सीरमचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. ती कशी उतरवायची ते त्यांनीच सांगायला हवं.

सगळं तपासल्यावर: लावायचा क्रम

सकाळी सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. सीरमचे ४ थेंब कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे टेकवून पसरवा. फुटलेल्या किंवा खपली धरलेल्या पुळीवर नको. पाच-दहा मिनिटांनी तेल नसलेलं जेल मॉइश्चरायझर, मग एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढं. आभाळ भरलं असलं तरी सनस्क्रीन सोडू नका. यूव्हीए किरणं ढगातूनही येतात आणि डाग गडद करतात. सनस्क्रीनशिवाय सी म्हणजे एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्या हाताने रंगवायचं.

रात्री मुरमाचं औषध. ॲडापलीन असेल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं अख्ख्या चेहऱ्याला, नुसतं पुळीवर नाही. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. दिवस गेले असतील किंवा त्याचा विचार चालू असेल तर ते लावायचं नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि एल-ॲस्कॉर्बिक एकाच वेळी एकावर एक लावू नका. पेरॉक्साइडचा धर्मच ऑक्सिडेशनचा, तो सीला तिथल्या तिथे जाळतो. एक सकाळी, एक रात्री. पेरॉक्साइडने टॉवेल आणि अभ्रे विटतात, तेव्हा पांढरेच वापरा. नायसिनमाइडचं (हे व्हिटॅमिन बी३) मात्र सीशी वैर नाही. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल एकटंच महिनोन् महिने लावू नका. जंतू त्याला दाद द्यायचे थांबतात, म्हणून ते पेरॉक्साइडच्या जोडीनेच देतात.

किती दिवस वाट बघायची?

बारा आठवडे. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

डाग कोणता आहे तेही बघा. पाणी प्यायचा काचेचा साधा पेला डागावर हलका दाबा आणि काचेतून पाहा. दाबल्यावर डाग नाहीसा होत असेल तर तो रक्तवाहिन्यांचा लाल डाग, तिथे सीचा असर कमी, वेळच त्याचं औषध. दाबूनही तपकिरी राहत असेल तर सी आणि सनस्क्रीन यांना दाद देईल. आणि खड्डा असेल, म्हणजे तिरप्या उजेडात सावली पडत असेल, तर कोणत्याही सीरमने तो भरणार नाही. त्यासाठीचे उपचार दवाखान्यात होतात आणि तेही चालू मुरूम आटोक्यात आल्यावर.

कातडीखाली ठणकणाऱ्या गाठी, खड्डे पडायला सुरुवात किंवा बारा आठवड्यांनंतरही तेवढेच मुरूम, यातलं काहीही असेल तर घरचा प्रयोग थांबवा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, त्वचारोग विभाग आहे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर तिथे जा. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या तर त्या घेताना आणि थांबवल्यावर महिनाभर तरी गर्भ राहता कामा नये, हे बायकांनी त्यांच्याशी स्पष्ट बोलून घ्यावं. जाताना चेहरा साध्या पाण्याने धुऊन जा, मेकअप नको. आणि घरात आतापर्यंत लावलेली प्रत्येक बाटली, ट्यूब, आयुर्वेदिक लेप, अगदी संपलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या, कारण 'पांढऱ्या रंगाची, हिरव्या झाकणाची' एवढ्यावरून आत काय होतं ते कुणालाच ओळखता येत नाही.